वहीत नाव लिहिण्याआधी: प्रौढपणी कॅथलिक होण्याची लांब वाट

२०२५ च्या ईस्टरला फ्रान्समध्ये १०,३८४ प्रौढ माणसांचा स्नानसंस्कार होत असल्याचे तिथल्या बिशपांच्या परिषदेने जाहीर केले. आदल्या वर्षी हा आकडा ७,१३५ होता. स्नानसंस्कार म्हणजे पाण्याने होणारा तो विधी, ज्याला आपल्याकडचे प्रोटेस्टंट बांधव बाप्तिस्मा म्हणतात आणि ज्याने माणूस ख्रिस्ती होतो. ही बातमी वाचून माझ्या ओळखीतल्या अनेकांनी मला विचारले की एवढी माणसे एका रात्रीत कॅथलिक झाली कशी. मी कॅथलिक घरात जन्मले, त्यामुळे माझा स्वतःचा स्नानसंस्कार मला आठवत नाही. पण काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीची धर्ममाता, म्हणजे या वाटेवर तिला साथ देणारी आणि तिच्याविषयी साक्ष देणारी सोबतीण, म्हणून मी ही सगळी वाट तिच्यासोबत चालले आहे. त्या वाटेवरचा सर्वांत कमी माहीत असलेला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा विधी ईस्टरच्या रात्री होत नाही. तो त्याच्या सुमारे सहा आठवडे आधी होतो, आणि तिथे माणूस एका वहीत आपले नाव लिहितो.

बोलणी, साखरपुडा, लग्न

प्रौढांना दीक्षा कशी द्यायची, याची आजची पद्धत १९७२ साली व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या विधिग्रंथातून आली आहे. त्याच्या नऊ वर्षे आधी, १९६३ साली, जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पहिल्या काही शतकांतली टप्प्याटप्प्याची रीत पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला होता. या रीतीत चार काळ आहेत आणि त्यांना जोडणारे तीन मोठे विधी आहेत. लग्न जुळवण्याच्या आपल्या पद्धतीवरून ही रचना पटकन लक्षात येते.

पहिला काळ बोलण्यांचा. माणूस येतो, प्रश्न विचारतो, शुभवर्तमान वाचतो, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून पाहतो. कोणीही कोणाला शब्द दिलेला नसतो. पुढे जायचे ठरले की पहिला विधी होतो आणि तो चर्चच्या दाराशी, उंबरठ्यावर सुरू होतो. फादर विचारतात, "देवाच्या मंडळीकडून तुला काय हवे आहे?" आणि उत्तर येते, "श्रद्धा." मग कपाळावर, आणि बहुतेक ठिकाणी कान, डोळे, ओठ, छाती, खांदे, हात आणि पाय यांवरही क्रुसाची खूण केली जाते. त्या दिवसापासून तो माणूस दीक्षार्थी होतो. दीक्षार्थी अजून ख्रिस्ती नसतो, पण परकाही राहत नाही: या काळात त्याचा मृत्यू झाला, तर चर्चच्या कायद्याप्रमाणे त्याच्यावर ख्रिस्ती पद्धतीने अंत्यसंस्कार करता येतो.

दुसरा काळ शिकण्याचा, बहुधा वर्षभराचा किंवा त्याहून मोठा. त्याच्या शेवटी येतो तो दुसरा विधी, म्हणजे निवडविधी, आणि हा जणू साखरपुडा असतो. दोन्ही बाजूंनी चारचौघांत शब्द दिला जातो. त्यानंतरचे सहा आठवडे म्हणजे उपवासकाळ, ज्याला चर्चमध्ये सर्रास लेंट म्हणतात. मग ईस्टरच्या रात्री तिसरा विधी, म्हणजे लग्नच, आणि शेवटी नव्या घरात रुळण्याचे दिवस. ही तुलना एका ठिकाणी तोकडी पडते आणि ते आत्ताच सांगून ठेवते: आपल्याकडे मोडलेल्या साखरपुड्याचा बोभाटा होतो, इथे मात्र पाण्यापाशी पोचेपर्यंत कोणत्याही क्षणी, कोणताही बोल न लागता मागे फिरता येते.

निवड म्हणजे निवडणूक नव्हे

निवडविधी हा शब्द ऐकून लोकांना वाटते की काही जण निवडले जातात आणि काही गाळले जातात. इथे मतदान नसते, गुणांची यादी नसते आणि जागाही मर्यादित नसतात. देवाने या माणसाला आधीच निवडले आहे आणि आज धर्मसभा ते जाहीरपणे मान्य करत आहे, असा या शब्दाचा अर्थ आहे.

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी हा विधी होतो, आणि शक्यतो आपापल्या गावच्या चर्चमध्ये न होता बिशपांच्या मुख्य चर्चमध्ये, म्हणजे कॅथीड्रलमध्ये होतो. मुंबईत असे चर्च कुलाब्याचे होली नेम कॅथीड्रल आहे. प्रवचन झाल्यावर एकेकाचे नाव पुकारले जाते आणि तो आपल्या धर्मपित्यासह किंवा धर्ममातेसह पुढे येतो. गंमत अशी की बिशप पहिले प्रश्न दीक्षार्थीला विचारतच नाहीत, ते सोबत्यांना विचारतात: यांनी देवाचे वचन मनापासून ऐकले का? त्याप्रमाणे जगायला सुरुवात केली का? सर्वांच्या प्रार्थनेत आणि सहवासात ते सामील झाले का? सोबत्यांची साक्ष झाल्यावरच दीक्षार्थीची इच्छा विचारली जाते, आणि मग नाव वहीत चढते.

ही रीत किती जुनी आहे, ते इजेरिया नावाच्या एका यात्रेकरू स्त्रीने लिहून ठेवले आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस ती जेरुसलेमला गेली होती. तिथे उपवासकाळाच्या सुरुवातीला बिशप मध्यभागी बसत, उमेदवारांना एकेक करून आणले जाई आणि बिशप त्यांच्या शेजाऱ्यांना विचारत, हा नीट वागतो का, आईवडिलांचा मान ठेवतो का, दारुडा किंवा खोटारडा तर नाही ना? तक्रार नसेल तर बिशप स्वतःच्या हाताने नाव लिहीत. तक्रार असेल तर सांगत, बाहेर जा, सुधार आणि मग ये. शेजाऱ्यांची साक्ष काढण्याची ही कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण माणूस प्रार्थनेत काय म्हणतो हे देवाला ठाऊक असले, तरी तो नळावर आणि जिन्यात कसा वागतो हे शेजाऱ्यालाच ठाऊक असते.

तयारी नेमकी कशाची करायची?

पाठांतराची तयारी फार थोडी लागते. फादरांशी एक निवांत भेट होते आणि तिच्यात सगळे प्रश्न उघडपणे बोलायचे असतात. आधी लग्न झालेले असेल, घटस्फोट झालेला असेल किंवा जोडीदार पुन्हा लग्न केलेला असेल, तर ते सर्वांत आधी सांगावे. विवाहाविषयीचे चर्चचे नियम कडक आहेत, त्यांचा उलगडा व्हायला महिने लागू शकतात, आणि ईस्टर आठ दिवसांवर आला असताना हे निघाले तर सगळ्यांनाच मनस्ताप होतो.

धर्मपिता किंवा धर्ममाता निवडताना नाते किंवा प्रतिष्ठा पाहू नये. नियमाप्रमाणे ही व्यक्ती साधारणपणे किमान सोळा वर्षांची, दृढीकरण (स्नानसंस्कारानंतरचा, कपाळावर तेल लावण्याचा विधी) झालेली आणि धर्म पाळणारी कॅथलिक असावी लागते, आणि ती दीक्षार्थीची स्वतःची आई किंवा वडील नसावी. पण खरी कसोटी अशी की बिशपांसमोर उभे राहून तिला आपल्याविषयी खरे बोलता आले पाहिजे, म्हणजे तिने आपल्याला जवळून पाहिलेले असले पाहिजे.

मी आणि माझी मैत्रीण दर शुक्रवारी संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसत असू. एका साध्या शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर तिने बिशपांचे ते तीन प्रश्न लिहिले होते आणि प्रत्येकाखाली जागा मोकळी सोडली होती. आठवड्याभरात काही घडले असेल तर ती तिथे एखादी ओळ लिही. "दुसऱ्या प्रश्नाखाली काही नाही," असे ती अनेक शुक्रवारी सांगे, आणि मग आम्ही त्याच विषयावर बोलत असू. एका शुक्रवारी त्याच जागी तिने लिहिले होते, "जाऊबाईंना फोन केला." दोघी चार वर्षे बोलत नव्हत्या.

कपड्यांचा वेगळा नियम नसतो. सही कोणत्या लिपीत करायची याचाही नसतो. तिने देवनागरीतच केली.

परीक्षा असते का? नापास झाले तर?

लेखी परीक्षा नसते. तरीही फादर, शिकवणारे आणि सोबती मिळून एक विचार नक्की करतात: हा माणूस तयार आहे का? आणि "अजून नाही" असे उत्तर येऊ शकते.

माझ्या मैत्रिणीला पहिल्या वर्षी तेच उत्तर मिळाले. श्रद्धेचा अंगीकार, म्हणजे कॅथलिक श्रद्धा थोडक्यात सांगणारा मजकूर, तिला मुखोद्गत होता आणि रविवारची एकही मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, तिने चुकवली नव्हती. फादरांनी शेवटच्या भेटीत फक्त एवढेच विचारले, "घरी सांगितलंस का?" ती गप्प राहिली. "मग आधी आईशी बोल. वही कुठे पळून जात नाही," असे म्हणून त्यांनी चहा पुढे केला. मला त्या दिवशी फार वाईट वाटले, थोडा रागही आला. सज्ञान बाईने आईची परवानगी का काढायची, असे मी बोलूनही दाखवले. फादर म्हणाले की परवानगीचा प्रश्न नाही, पण जे लपवून करावे लागते ते मोकळ्या मनाने होत नाही.

पुढचे तीन महिने त्या घरात अबोला होता. नंतर आईंनी विचारले, "गणपतीला यायचं बंद करणार का?" मैत्रिणीने खरे तेच सांगितले, की घरी येईन, सगळ्यांबरोबर जेवेन, मोदक वळीन, पण पूजेला बसणार नाही. आई बराच वेळ तांदळाची उकड मळत राहिल्या आणि म्हणाल्या, "कळ्या नीट पाडता येत नाहीत तुला अजून. लवकर ये." दुसऱ्या वर्षी निवडविधीला त्या कॅथीड्रलच्या शेवटच्या बाकावर, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

म्हणून नापास हा शब्दच इथे लागू पडत नाही असे मी म्हणते. ही सगळी रचना माणसाला नाही म्हणता यावे, थांबता यावे आणि हो म्हटलेच तर ते त्याचे स्वतःचे असावे, यासाठी आहे. तिचा संथपणा हा तिचा दोष नसून तिचा हेतू आहे.

'भूत उतरवणे' हा काय प्रकार?

वहीत नाव लिहिल्यानंतर उपवासकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी मिस्सामध्ये दीक्षार्थींसाठी खास प्रार्थना होतात. त्यांना अंतःशोध म्हणता येईल. त्यांत दुष्टापासून सुटकेची एक प्रार्थना असते आणि तिच्या 'एक्झॉर्सिझम' या इंग्रजी नावामुळे लोकांना भीतिपट आठवतात. प्रत्यक्षात कोणी घुमत नाही, कोणाला धरून ठेवत नाहीत. दीक्षार्थी मान खाली घालून उभे असतात किंवा गुडघे टेकतात, सगळे चर्च शांत असते आणि फादर त्यांच्यावर हात पसरून प्रार्थना करतात.

मराठीत निवडणे या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तो इथे चपखल बसतो. आपण तांदूळ निवडतो ते तांदूळ टाकून देण्यासाठी नव्हे. आपल्याला तो शिजवायचाच असतो, म्हणून आधी खडे वेचून काढतो. या तीन रविवारी ओळीने योहानाच्या शुभवर्तमानातले तीन प्रसंग वाचतात. विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि मेलेला लाजरस: तहान, अंधार आणि मरण. माझ्यात यांतले काय आहे, हे ज्याने त्याने सुपात पाहायचे असते.

याच आठवड्यांत श्रद्धेचा अंगीकार आणि "हे आमच्या स्वर्गातील बापा" ही प्रभूची प्रार्थना समारंभाने सुपूर्त केली जाते. घरातला दागिना सुनेच्या हाती द्यावा, तशी.

आधीच ख्रिस्ती असलेल्यांचे काय?

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याचा बाप्तिस्मा झालेला असेल, तर तो पुन्हा देत नाहीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत प्रोटेस्टंट मिशनमध्ये झाला होता. तशा बाप्तिस्म्याचा कोणी आज कॅथलिक होऊ इच्छित असेल, तर त्याला वहीत नाव लिहावे लागत नाही. तो पापनिवेदन करतो, श्रद्धेचा जाहीर अंगीकार करतो आणि त्याला सामावून घेतले जाते.

लग्नासाठी हे करावेच लागते का?

नाही. हा गैरसमज आपल्याकडे इतका खोल आहे की त्यापायी कित्येक घरांत विनाकारण रडारड होते. स्नानसंस्कार न झालेल्या व्यक्तीशी कॅथलिक व्यक्तीला बिशपांची सूट घेऊन चर्चमध्ये लग्न करता येते, आणि तिथे हिंदू, बौद्ध किंवा मुसलमान जोडीदाराने धर्म बदलण्याची अट नसते. कॅथलिक जोडीदाराला आपली श्रद्धा टिकवण्याचे आणि मुलांना त्याच श्रद्धेत वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल तेवढा प्रयत्न करण्याचे वचन द्यावे लागते, आणि हे वचन दुसऱ्या जोडीदाराला आधी कळवावे लागते. हॉलची तारीख धरली आहे, म्हणून स्नानसंस्कार उरकून टाका, अशी विनंती घेऊन येणाऱ्या जोडप्याला जाणते फादर बिशपांकडे सूट मागण्याचा अर्ज आधी दाखवतात.

मग गोव्यात काय झाले होते?

ही वाट इतकी मोकळी आहे म्हणता, मग गोव्यात सक्तीने धर्मांतरे कशी झाली, असे लोक विचारतात. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. पोर्तुगीज अमलाखाली साष्टी आणि बारदेशात देवळे पाडली गेली, १५५९ च्या राजाज्ञेने अनाथ हिंदू मुले पाद्रींच्या ताब्यात देऊन त्यांचा स्नानसंस्कार करवला गेला, आणि १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, मधली काही वर्षे सोडता १८१२ पर्यंत चालले. सवलती, नोकऱ्या आणि धाक यांच्या जोरावर झालेल्या त्या धर्मांतरांत मोकळेपणा किती होता, हा प्रश्न कॅथलिकांनी स्वतःलाही विचारायला हवा. त्याच भूमीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी नव्या ख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. श्रद्धा लोकांच्या भाषेत, सावकाश, प्रश्नोत्तरांनी समजावून द्यावी लागते, हे त्यांना उमगले होते; पण दोन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या, हे विसरता येत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की कोणालाही जबरदस्तीने किंवा अयोग्य मार्गांनी भुलवून श्रद्धा स्वीकारायला लावण्यास चर्चची सक्त मनाई आहे. दीक्षेची लांब वाट त्याच परिषदेने पुन्हा उघडली, याची मला वारंवार आठवण होते. जिथे घाई आणि सत्ता एकत्र येते, तिथे अशी वाट उरत नाही.

नाव, घर आणि कायदा

नाव बदलणे बंधनकारक नाही. ख्रिस्ती भावनेला विसंगत नसलेले कोणतेही नाव चालते, त्यामुळे सुनीता ही सुनीताच राहू शकते.

कायद्याच्या बाजूचा विचार मात्र वहीत सही करण्याच्या बऱ्याच आधी करायला हवा, आणि शिकवणाऱ्यांनी तो स्वतःहून काढायला हवा असे माझे ठाम मत आहे. राज्यघटनेचे पंचविसावे कलम धर्म मानण्याचे आणि आचरण्याचे स्वातंत्र्य देते. तरी काही राज्यांत धर्मांतराआधी जिल्हा प्रशासनाला लेखी कळवावे लागते आणि नियम राज्यागणिक वेगळे आहेत, म्हणून आपल्या राज्याचा नियम वकिलाकडून समजून घ्यावा. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध व्यक्तींना मिळतो, त्यामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताचे आरक्षण जाते. अनुसूचित जमातींसाठीच्या वेगळ्या आदेशात धर्माची अशी अट नाही. हिंदू विवाह कायद्याखाली एका जोडीदाराचे धर्मांतर हे दुसऱ्याला घटस्फोट मागण्याचे कारण ठरू शकते. धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा वारसाहक्क त्याने जात नाही, पण धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेत वारसा मिळण्याला अडसर येतो. हे सगळे ठाऊक असूनही जो सही करतो, त्याची सही पूर्ण असते.

ती रात्र, आणि नंतर

ईस्टरची रात्र म्हणजे ईस्टरच्या रविवारची आदली रात्र. तेव्हा चर्चबाहेर अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावतात आणि अंधारातून आत येतात. जगाच्या उत्पत्तीपासून सुरू होणारी जुन्या करारातली सात वाचने होतात, मग नवा करार, संतांची नामावली आणि पाण्याचा आशीर्वाद. पापाचा त्याग आणि श्रद्धेचा अंगीकार केल्यावर दीक्षार्थी पाण्यापाशी येतो. मग पांढरे वस्त्र, पेटती मेणबत्ती, कपाळावर सुगंधी तेलाने दृढीकरण, आणि त्याच मिस्सामध्ये पहिला ख्रिस्तप्रसाद. मैत्रिणीच्या केसांतून पाणी ओघळून तिच्या पाठीवरची साडी भिजली, तेव्हा टॉवेल द्यायचे काम माझे होते आणि मी तो बाकावर विसरले होते. मागून कोणीतरी तो पुढे पोचवला. वळून पाहिले तर आई होत्या.

पुढचे पन्नास दिवस रुळण्याचे असतात. समारंभ संपलेला असतो, फोन येणे कमी होते आणि नवा माणूस रविवारी चर्चमध्ये कोणाशेजारी बसावे हे शोधत असतो. सोबत्याची खरी गरज तेव्हा असते, आणि नेमकी तेव्हाच अनेक ठिकाणी ती सुटते.

त्या आठवड्यात मी तिच्यासोबत चर्चच्या कार्यालयात गेले. निवडविधीची वही वेगळी, स्नानसंस्काराची नोंदवही वेगळी. ही जाड, कापडी बांधणीची. कारकुनांनी तिचे नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे आणि धर्ममाता म्हणून माझे नाव निळ्या शाईने लिहिले. शेवटचा रकाना त्यांनी मोकळा ठेवला. लग्न झाले किंवा संन्यास घेतला तर ती नोंद याच ओळीत, इथे येते, असे त्यांनी सांगितले आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.